उपाशी वाफे

भाताच्या मुळांना भूक लागली की ती काय करतात, एवढ्या एका प्रश्नावर मी सगळी नोकरी काढली. निवृत्तीच्या दिवशी एका साहेबांनी भाषणात सांगितलं, की बाई मुळांकडे वळल्या कारण त्यांची स्वतःची मुळं मातीत घट्ट होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुळांवरून माणसांना दिलेले असले दाखले ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. खरं कारण अगदी साधं होतं. आमच्या सरांकडे तेवढाच एक विषय उरला होता, बाकीचे बरे विषय वर्गातल्या मुलांनी आधीच उचलले होते. त्या विषयाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी असलेली भाताची जमीन लागत होती आणि तसली जमीन आमच्या घराच्या मागच्या दाराशी आयती पडली होती. बास. घट्टबिट्ट काही नाही.

घर आमचं मुठा खोऱ्यात, गावापासून जरा सुटं. कौलारू, पुढं पडवी, उजव्या अंगाला गोठा, आणि मागच्या दारातून बाहेर पाय टाकला की परस संपून लगेच खाचरं सुरू, एकाखाली एक ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. सकाळी पहिला आवाज आईच्या बादलीत पडणाऱ्या दुधाच्या धारेचा. मग आबांचा, म्हणजे वडलांचा खोकला. मग दादाचं बैलांशी भांडण. माझा हा थोरला भाऊ माणसांशी दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, पण बैलांना त्यांच्या बापजाद्यांसकट सुनवायचा, आणि बैलही मान हलवून उलट उत्तर दिल्यासारखे करायचे. पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे यायचे, त्यांचं तिखट कालवण आणि नाचणीची भाकरी. बांधावर उगवलेली कुर्डूची भाजी लसणाची फोडणी देऊन. आंबेमोहर घरचा असे, पण तो विकायला आणि पाहुण्याला. आमच्या ताटात जाडाभरडा भात. तरीही पाहुण्यासाठी आंबेमोहर शिजायला लागला की वासानं आम्ही पोरं चुलीभोवती घोटाळायचो आणि आई म्हणायची, "वास घ्या पोटभर, त्याला कोन न्हाई म्हनत न्हाई." बोलायची तसं, पण पातेल्याच्या बुडाची खरवड आमच्या हातावर पडायचीच.

दूध काढून झालं की आईची एक फेरी असायची. चुलीतली राख आणि गोठ्यातलं ताजं शेण ती पाटीत एकत्र करायची, पाटी कमरेला लावून बांधाबांधानं हिंडायची, आणि जिथं भात खुरटं दिसेल तिथं मूठ-दोन मुठी भिरकावायची. आमच्या घरची म्हणून नाही, त्या आळीतल्या सगळ्याच बाया हे करायच्या. पोत्यातलं विकतचं खत किती आणायचं, कधी टाकायचं, हे बाप्यांचं काम, त्याची पडवीत बसून चर्चा व्हायची. बायांच्या या पाटीला मात्र कुणी काम म्हणत नसे, खत तर मुळीच म्हणत नसे. अंगण झाडलं, दूध काढलं, राख टाकली. वासरांतही जे हडकुळं असेल त्याला आईचा पहिला हात. जोरकस आहे ते आपलं आपण बघून घेईल, असा तिचा सरळ हिशेब होता.

मी कृषी महाविद्यालयात वरच्या पदवीला गेले तेव्हा आमच्या भावकीत माझ्या वयाच्या मुली लेकुरवाळ्या झाल्या होत्या. आबांना माझ्या शिकण्याचं कौतुक होतं, पण ते पाहुण्यासारखं होतं, आज ना उद्या जाणार हे धरून केलेलं. घोटावड्याचं एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. आबांनी त्यांना शब्द दिला होता, यंदाचं भात निघालं की पोरीचं शिक्षण उरकतंय, मग बसू बोलायला. आई आबांपुढं कधी बोलायची नाही, पण एका संध्याकाळी मला एकटीला म्हणाली, "सुमे, तुला शिकायचं हाय तर शिकून घे बाय. भात निघंस्तवर तुला कोन हात लावत न्हाई, म्या हाय." ती होती म्हणून मी होते. माझ्याकडे एकच हंगाम होता आणि तो वाया गेला तर पदवी गेली, हे घरात तिला आणि मला दोघींनाच नीट कळत होतं.

प्रयोग असा. पिकाला जी मोठी अन्नं लागतात त्यांतलं एक स्फुरद. घरामागच्या मोठ्या खाचराचे मी लहान लहान वाफे पाडले. काही वाफ्यांना सगळी खतं पोटभर, आणि काहींना स्फुरद सोडून बाकी सगळं. कुठला वाफा कुठं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, म्हणजे जमिनीच्या उताराचा, पाण्याचा फायदा एकाच बाजूला मिळायला नको. भात फुलोऱ्यावर आलं की दोन्हींकडची थोडी रोपं मातीच्या ढेकळासकट उपटायची, चाळणीवर धुवायची आणि मुळं मोजायची. सरांचं म्हणणं होतं की आपल्याकडची जुनी भातं स्फुरद मिळालं नाही तर मुळं लांबवर पसरतात, जास्त तंतू फोडतात. ते खरं की खोटं, हे माझ्या वाफ्यांनी सांगायचं होतं. म्हणून तर ते बिनस्फुरदाचे वाफे सगळ्यांत मोलाचे. ते उपाशी राहिले नाहीत तर प्रयोग उरतच नाही. मी आबांना सांगितलं, दादाला सांगितलं, आईला तर दोनदा सांगितलं, की खुणेच्या पाट्या लावलेल्या वाफ्यांना कुणी खत घालायचं नाही. सगळे हो म्हणाले. दादा म्हणाला, "उपाशी वाफं म्हन की सरळ," आणि तेच नाव पडलं.

सुरुवातीला सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. आवणीनंतर, म्हणजे रोपं लावल्यावर, उपाशी वाफे मागं पडले. फुटवे कमी, पानं काळपट हिरवी, खालची जांभळट. मला कोण आनंद झाला! आणि मग भर पावसाळ्यात ते वाफे सावरायला लागले. फुटवे आले, पात्यांचा रंग उजळला. मी पुस्तकं चाळली, मनाशी काहीबाही कारणं जुळवली. फुलोऱ्यावर रोपं उपटून मुळं धुतली तर उपाश्यांची आणि पोटभर जेवलेल्यांची मुळं सारखीच. डोळे बांधून उचललं तर सांगता आलं नसतं कुठलं कुणाचं. मी ती काळ्या कापडावर मांडून बघत राहिले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सर मितभाषी होते. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला आणि विचारलं, "सुमन, पाट्यांची अदलाबदल झालीय का?" मी म्हटलं, नाही सर. "मग खत टाकताना चूक?" नाही सर. मग त्यांनी माती तपासायला सांगितली. उपाशी वाफ्यांच्या मातीत स्फुरद वाढलेलं निघालं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माती आकाशातून खात नाही. तू म्हणतेस काही घातलं नाही, आणि माती म्हणते घातलंय. परीक्षकांनी यातलं कुणाचं ऐकायचं?" त्यांना मी खोटारडी वाटले असं नाही. पण तसं वाटायला जागा झाली होती, आणि ते मला रात्रंदिवस टोचत होतं.

घरी येऊन मी चोर शोधायला निघाले. वरच्या खाचरातून पाणी झिरपतं का पाहिलं, बांध चढवले. दादाचे बैल तिथं उभे राहतात असा संशय घेतला, तर दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, म्हणजे रोजच्यापेक्षाही नाही. आणि मग एका सकाळी मी त्या मोठ्या खाचराच्या बांधावर पाय पसरून, गालाला हात लावून बसले होते. मागून आई आली. "सुमे, पाय काढ गं वाटंतला." मी पाय काढले. ती पुढं गेली, पाटीत हात घातला, आणि माझ्या उपाशी वाफ्यात मूठभर शेणराख भिरकावली. मग बांधावरून पलीकडं जाऊन दुसऱ्या उपाशी वाफ्यात. मधले पोटभर वाफे तिनं बरोबर सोडले, त्यांना कशाला, ते तर मस्त वाढले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. सबंध हंगाम मी तिला रोज बघत होते. जन्मापासून बघत होते, म्हणूनच दिसत नव्हती.

"आये! काय करतीस तू?"

ती दचकली. "काय क्येलं?"

"त्या वाफ्यांना काही घालायचं नाही म्हणून सांगितलं नव्हतं?"

"मंग तुज्या पोत्याला म्या हात तरी लावला का? राख हाय ही." तिनं पाटी माझ्यापुढं धरली, जणू मी बघितली की माझीच खात्री पटेल. "किती खुरटलीवती बग बिचारी. आता कशी सावरल्यात."

पलीकडच्या खाचरातून आमची शेजारीण ठकूकाकू ओरडली, "काय झालं गं? रोजच तर टाकती ती!" सगळ्या आळीनं ते रोज पाहिलं होतं आणि कुणाला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. मी बांधावर बसून ढसाढसा रडले. आई पाटी तशीच कमरेला धरून उभी होती. आपण काय केलं हे तिला अजून कळलं नव्हतं, पण पोरगी रडतेय ती आपल्यामुळं, एवढं कळलं होतं.

मी जाऊन सरांना सगळं सांगितलं, तसे ते स्वतः एस.टी.नं आमच्या घरी आले. मला भीती होती ते तिला बोलतील. तसले सर नव्हते ते. पडवीत आंबेमोहराचा भात आणि वरण जेवले, मनापासून दाद दिली, आणि हात धुऊन झाल्यावर आईला म्हणाले, "सुमनच्या आई, जरा बसा. तुम्ही केलंत त्यात वाईट काही नाही. पण मला सांगा, तुमची मुलगी उद्या चार लोकांसमोर सांगणार, की हे रोप उपाशी आहे. आणि लोकांनी बघितलं तर ते जेवलेलं निघालं. लोक काय म्हणतील तिला?"

आईनं पदर तोंडाशी धरला होता. म्हणाली, "खोटी म्हनतील."

"म्हणून ते उपाशीच राहिलं पाहिजे. आपल्याला कितीही वाईट वाटलं तरी."

"व्हय गुर्जी," आई म्हणाली. "माज्या मायेपायी पोर खोटी पडाया नगं."

इतकं नीट, इतकं सौम्य कुणी तिला आयुष्यात समजावलं नसेल. मला तेव्हा हायसं वाटलं. आज वाटतं, तो माणूस जरा आडमुठा असता, तिच्यावर खेकसला असता, तर तिनं दोन दिवस शिव्या घातल्या असत्या आणि सोडून दिलं असतं. सरांचं बोलणं तिला पटलं. पटलं हेच वाईट झालं.

आबांनी आणखी एक भात दिलं, एकच. "पुढच्या भाताला पदवी मिळू दे न्हाई तर न मिळू दे, मी कुनाचं ऐकनार न्हाई." घोटावड्याचे पाहुणे थांबले नाहीत. आबा त्यावरून आईला बोलले आणि तिनं ऐकून घेतलं. ते स्थळ गेल्याचं मला काडीचंही दुःख नाही, लग्न माझं पुढं यथावकाश झालं आणि बरं झालं. पण दुसरा हंगाम फसला असता तर दार बंदच होतं.

त्या दुसऱ्या हंगामात आईनं जी राखण केली, तशी सोन्याच्या खाणीची कुणी केली नसेल. शेणराखेची पाटी ती पुढच्या दारानं नेऊन उकिरड्यावर पालथी करायची. कोंबड्या मागच्या दाराला फिरकू द्यायची नाही. ठकूकाकूचा नातू एकदा वाफ्याच्या कडेला चड्डी सोडून उभा राहिला तर आई केरसुणी घेऊन धावली, "आरं तितं मुतू नगं मुडद्या, माजी पोर खोटी पडंल!" दादा हसून हसून बैलाच्या पाठीवर आडवा झाला. मीही हसले. पण मागच्या दारात बसून तांदूळ निवडायची तिची नेहमीची जागा तिनं सोडली होती. खाचराकडं पाठ करून, चुलीकडं तोंड करून बसायची. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "सुमे, त्यातला योक वाफा तरी..." मी म्हटलं, "नाही गं आये." "न्हाई न्हाई. इचारलं आपलं." आणि लगेच भाकरी उलथली. मग परसातल्या वांग्याच्या रोपापाशी थांबून विचारायला लागली, "ह्ये तुजं न्हाई ना? ह्याला राख घालू का?" वांगी कधीची तिची होती! मी त्याचीसुद्धा गंमत केली. पावसाच्या अखेरीस इतर खाचरांतलीही तिची फेरी बंद झाली. दादानं विचारलं तर म्हणाली, "आपल्याला काय कळतंय, कुटं घालायचं नि कुटं न्हाई."

ते खाचर आज एका शनिवार-रविवारच्या बंगल्याची हिरवळ आहे. मागच्या पावसाळ्यात मी कुंपणापाशी उभी होते. परगावचा एक माळी गवतावर पोत्यातलं खत फेकत होता. त्याला विचारलं, किती घालतोस? म्हणाला, "जितना साहब भेजते हैं, मैडम, सब डाल देता हूँ." तिथल्या गवताची मुळं बोटभरसुद्धा खाली गेली नसतील. त्यांना जायचं काही कारणच नाही.

तर त्या वर्षी फुलोऱ्यावर आम्ही रोपं उपटली. सर आले होते. चाळणीवर पाणी सोडलं, माती निघून गेली आणि मुळं काळ्या कापडावर उलगडली. उपाश्यांची मुळं पोटभर वाफ्यांपेक्षा कितीतरी लांब, कुठल्या कुठं गेलेली, आणि भिंगातून पाहिलं तर केसांसारखे तंतू दाटीनं फुटलेले. सरांसारखा माणूस, पण लहान पोरासारखा चाळणीपाशी उकिडवा बसला होता. मी आईला हाका मारमारून बोलावलं. "आये, बघ! बघ किती लांब गेलीत! तू राखलीस म्हणून!"

ती हात पुसत आली. वाकून बघितलं. एका मुळाच्या टोकाला अगदी हलकं बोट लावलं.

"शोधीत गेली गं," ती म्हणाली. "कुटं न्हाई गावलं त्यास्नी."

मी पट्टी धरली होती. आकडा विसरेन म्हणून मी तिला उत्तर दिलं नाही, सरांना आकडा सांगितला. मान वर केली तेव्हा ती परत निघाली होती. त्या मुळांवर माझा पहिला निबंध छापून आला, त्यावर नोकरी मिळाली, पुढं परदेशातल्या माणसांनी त्याचे उल्लेख केले. ती काय म्हणाली ते त्यात कुठं बसणार? आणि तिथंच वाकून तिचा हात धरायला किती वेळ लागला असता? चाळणीवरचं पाणी काही आटत नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि वय वाढतं तसं कमी होत नाही.

पदवी हातात पडली तेव्हा मी सकाळच्या गाडीनं घरी आले. आबांनी कागद उलटासुलटा पाहिला, दादानं बैलांना बातमी सांगितली. आईनं माझ्यासाठी आंबेमोहर शिजवला होता, पाहुण्यासाठी शिजवतात तसा. मी पाटावर बसले. ती पातेलं घेऊन माझ्यापुढं आली, डाव भरला, आणि तसाच धरून विचारलं, "वाढू का?"

त्या बाईनं कुणाला विचारून वाढल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. नको नको म्हणत ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून ती वाढायची. पुरे म्हणणाऱ्यावर चिडायची. आबा हसले, "आता तुला सायेबाची परवानगी लागती व्हय?" पण ती थट्टा करत नव्हती. वाढायचं की नाही, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"वाढ की गं आये," मी म्हटलं.

तिनं एक डाव वाढला, हात थांबवला, आणि चालेल की नाही, म्हणून माझ्या तोंडाकडं पाहत उभी राहिली.